घरात हत्यार, घरात लेकरू : समिती मुलं घेऊन जाते का?



एका रविवारी विहारात बीपी-शुगरची तपासणी संपली. बाया आपापले कागद घेऊन घरी गेल्या. एक जण मात्र पायात चपला घालून दारातच उभी राहिली. मी विचारले, "काय गं, गोळ्या संपल्या का?" ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, घरात सामान आहे."

आपल्या वस्तीत 'सामान' म्हणजे काय, 'घोडा' म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तिच्या दिराने फडक्यात गुंडाळून गावठी कट्टा आणला होता आणि पोटमाळ्यावर जुन्या गोधड्यांच्या मागे ठेवला होता. तिचा आठ वर्षांचा मुलगा पतंगाचा मांजा काढायला वर चढला आणि ती वस्तू त्याच्या हाताला लागली. आई पाणी भरून आली तेव्हा तो धाकट्या बहिणीला पंख्यावर नेम धरून दाखवत होता. तिने थरथरत्या हाताने ते काढून घेतले आणि परत वर ठेवले. त्यानंतर चार रात्री ती झोपली नव्हती. नवरा म्हणत होता, "गप्प बस, भाऊ आहे माझा, आठवड्याभरात घेऊन जाईल."

तिचा प्रश्न एकच होता. "पोलिसांना सांगितलं तर माझी पोरं होममध्ये टाकतील का?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. नाव, गल्ली, मुलांची वये मी बदलली आहेत. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे.

आरोग्याच्या पानावर हा विषय का

मी बरीच वर्षे वॉर्डात नोकरी केली. एका रात्री दहा वर्षांचा एक मुलगा आणला. पंजा फाटलेला, बाजूची कातडी काळी पडलेली. घरचे म्हणाले, फटाका फुटला. दिवाळी चार महिने लांब होती. मला शंका आली, तरी मी केसपेपरवर घरच्यांनी सांगितले तेच लिहिले. मुलाची दोन बोटे गेली. घरी सोडताना मी ड्रेसिंग कसे करायचे ते सांगितले, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. पण ज्या वस्तूने हे झाले ती अजून घरात आहे का, हे मी विचारले नाही. त्या घरात आणखी दोन मुले होती. तो न विचारलेला प्रश्न मला आजही टोचतो.

आपण मुलाला लस देतो, पाणी उकळून देतो, स्टोव्ह उंचावर ठेवतो. त्याच घरात भरलेले हत्यार असेल तर तोही आरोग्याचाच प्रश्न आहे.

"माझ्या पोराला कळतं, तो हात लावणार नाही," असे प्रत्येक आई म्हणते. अमेरिकेत २००१ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटाने एका खोलीत बसवले. तिथल्या खणात खरे पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. ज्या गटांना ते सापडले त्यांपैकी बहुतेकांनी ते हातात घेतले आणि अनेकांनी चापही ओढला. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ते खरे की खेळण्यातले हे नीट कळले नव्हते. यातल्या बहुतेक मुलांना बंदुकीपासून लांब राहा असे आधी शिकवलेले होते.

१९९५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्यांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्यांपैकी ९० टक्के मुले दोन बोटांनी बऱ्याच पिस्तुलांचा चाप ओढू शकतात, असे दिसले. म्हणजे बालवाडीतले लेकरूसुद्धा. समजावून सांगणे चांगलेच, पण वस्तू घरात नसणे हाच खरा उपाय आहे.

मोठ्या माणसाचेही काही सांगता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. ते रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. कायद्याने घेतलेले, कंपनीत बनलेले हत्यार जाणत्या माणसाच्या हातात असताना असे होते. मग फडक्यात गुंडाळलेल्या गावठी कट्ट्याची काय खात्री? त्याला ना धड खटका, ना कुलूप. तो नुसता खाली पडला तरी उडू शकतो.

ही समिती म्हणजे कोण

आपल्याकडे मुलांच्या काळजीचा निर्णय नेहमीचे कोर्ट करत नाही. त्यासाठी बाल कल्याण समिती असते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ याच्या कलम २७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणून तिचा आदेश कोर्टाच्या आदेशासारखाच पाळावा लागतो. देवनार-गोवंडी-मानखुर्द हा आपला सगळा पट्टा मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो.

दुसरी एक संस्था आहे बाल न्याय मंडळ. तिथे कायदा मोडल्याचा आरोप असलेली १८ वर्षांखालची मुले नेतात. लोक दोन्हींची गल्लत करतात. मुलाने काही केले असा आरोप असेल तर मंडळ. मुलाला धोका असेल तर समिती. समितीपुढे मूल आरोपी म्हणून उभे नसते, आणि आईसुद्धा नसते. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केले तरी कायद्याच्या नजरेत तो गुन्हाच होत नाही.

समिती कधी मध्ये पडते

'घरात बंदूक आहे' असे शब्द या कायद्यात नाहीत. कलम २(१४) मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' कोण, याची यादी आहे. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या विषयाला लागू होतात.

एक, मूल ज्याच्याबरोबर राहते त्याने मुलाला इजा केली आहे, छळले आहे किंवा दुर्लक्ष केले आहे.

दोन, त्या माणसाने मुलाला मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी दिली आहे आणि ती खरी होण्याची शक्यता आहे. दारू पिऊन कोयता उगारणारा बाप यात येतो.

तीन, आईवडील मुलाला सुरक्षित ठेवायला असमर्थ आहेत असे समितीला चौकशीत आढळले आहे.

आपल्या कामाचा मुद्दा तिसऱ्यात आहे. घरात हत्यार आहे आणि आई ते काढायची धडपड करते आहे, तर ती आई असमर्थ नाही, उलट समर्थ आहे. घरात हत्यार आहे, मुलाला आधीच इजा झाली आहे आणि सगळे घर फटाक्याची गोष्ट सांगते आहे, तर समिती वेगळा विचार करणार. म्हणून आधी बोललेली आई आणि नंतर पकडली गेलेली आई यांत फार फरक पडतो.

याच कायद्याचे कलम ७५ सांगते, की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केले किंवा मुलाला धोक्यात टाकले आणि त्याने मुलाला त्रास होण्यासारखा असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलम ८३ तर वस्तीतल्या प्रत्येक 'भाई'ला वाचून दाखवावे. बेकायदा कामासाठी मुलाचा वापर करणाऱ्या मोठ्या माणसाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. "जरा हे तुझ्या दप्तरात ठेव" म्हणणारा यातच येतो.

मूल खरेच घेऊन जातात का

कधी कधी होय. खोटे सांगून मी तुमचा विश्वास गमावणार नाही. पण रस्ता कसा असतो ते समजून घ्या, म्हणजे भीती आटोक्यात राहील.

१. मुलाला समितीपुढे कोणीही नेऊ शकते : पोलीस, १०९८ ची माणसे, सामाजिक कार्यकर्ता, नर्स, डॉक्टर. मूल स्वतःही जाऊ शकते. नेलेले मूल २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. पोलीस ठाण्यात मूल ठेवून घेता येत नाही.

२. समिती घरची चौकशी लावते. बाल कल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, शाळेत विचारतो. हा अहवाल १५ दिवसांत व्हावा लागतो. शेवटचा निर्णय चार महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो.

३. चौकशी चालू असताना मूल कुठे राहील हे समिती ठरवते. धोका घरातच असेल तर बालगृह, किंवा भरवशाचा नातेवाईक. म्हणून आजी, मावशी, आत्या यांपैकी मूल सांभाळू शकेल अशा माणसाचे नाव, आधार कार्ड आणि पत्ता पहिल्याच दिवशी समितीपुढे ठेवा. हे फार महत्त्वाचे आहे.

४. शेवटी समितीपुढे अनेक मार्ग असतात. मूल आईवडिलांकडे परत देणे, देखरेख ठेवून परत देणे, नातेवाइकाकडे देणे, बालगृहात ठेवणे. कलम ३ मध्ये तत्त्व स्पष्ट लिहिले आहे : मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हेही त्याच कलमात आहे.

५. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. पालकत्व-संगोपन आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांचे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

"आम्ही झोपडीत राहतो, कचरा वेचतो, म्हणून पोरं नेतील," ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की केवळ गरिबी हे मूल घरापासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. मुलांच्या हक्कांचा करार भारताने १९९२ साली स्वीकारला. आपल्या घटनेतही कलम ३९(च) प्रमाणे मुलांचे बालपण जपणे राज्याची जबाबदारी आहे. हे मुद्दे तुम्ही समितीपुढे बोलू शकता. बोलायचे असतेच. हात जोडून गप्प उभे राहिले की अहवालात 'आई उदासीन' असे लिहिले जाण्याची शक्यता असते.

समितीपुढे जाताना काय न्यावे? मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, शाळेचे ओळखपत्र, रेशन कार्ड, राहत्या जागेचा काही पुरावा. आणि एक साधा कागद : घरातला धोका काय होता, तो कधी व कसा काढला, पुन्हा येऊ नये म्हणून काय केले. समितीला हाच कागद सगळ्यात आधी पाहायचा असतो.

हत्याराबद्दल कायदा थोडक्यात

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. कट्टा, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय ठेवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बंदुकीसाठीही दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. बंदी असलेल्या प्रकारच्या हत्यारासाठी सात ते चौदा वर्षे आहे. परवाना असला तरी एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. २१ वर्षांखालच्या मुलाला बंदूक बाळगता येत नाही. परवानाधारकाने हत्यार सुरक्षित जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवायचे असते.

तलवार, मोठा सुरा, चॉपर यांचे काय? पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि ते घरकामाचे किंवा शेतीचे नसेल, तर शस्त्र कायदा लागतो. मुंबईत अशी प्रकरणे कलम ४ आणि २५ खाली नोंदतात. मिरवणुकीसाठी आणलेली तलवार भिंतीवर लटकवून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

छर्‍याच्या कमी ताकदीच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून लोक ती खेळणे समजतात. पण तिचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइप आणि कार्बाइडच्या घरगुती 'बंदुकी'ने कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले. पाइप, कार्बाइड आणि थोडे पाणी एवढ्यावर ती बनते. आपल्या भंगाराच्या पट्ट्यात हे सामान मिळायला वेळ लागत नाही, म्हणून येत्या सणाला डोळे उघडे ठेवा.

घरात हत्यार सापडले म्हणजे घरातला प्रत्येक जण गुन्हेगार ठरतो असे नाही. न्यायालय बघते की ते जाणूनबुजून ताब्यात ठेवले होते का. पण एक गोष्ट नीट ऐका. तुम्हाला कळले, तुम्ही महिनोन् महिने लपवायला मदत केली, तर "मला माहीत नव्हतं" हे म्हणणे टिकत नाही. घरात हत्यार ठेवल्याबद्दल संजय दत्तसारख्या मोठ्या घरच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पाच वर्षांची शिक्षा दिली. आपल्याला कोण सोडणार?

अमेरिकेत याहून पुढची गोष्ट झाली. मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले. पिस्तूल चारच दिवस आधी वडिलांनी आणले होते. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी त्या राज्यात, घरात मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवलीच पाहिजे, असा कायदा लागू झाला. मुलाच्या हातात हत्यार गेले तर जबाबदार मोठा माणूस, हा विचार जगभर पुढे येतो आहे. आपल्या घरात तो आधी यायला काय हरकत आहे?

हत्यार दिसले तर काय करायचे

हात लावू नका. रिकामे आहे का बघू नका. गोळ्या काढायच्या भानगडीत पडू नका. आधी मुलांना घराबाहेर काढा, शेजारी किंवा आजीकडे ठेवा. दाराला कुलूप लावा.

नाल्यात टाकू नका, कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. मुंबईचा कचरा शेवटी कुठे येतो हे देवनारच्या माणसाला सांगायची गरज नाही. तुम्ही टाकलेली वस्तू उद्या कचरा वेचणाऱ्या कुणाच्या तरी पोराच्या हाताला लागेल. दुसऱ्याच्या घरी 'दोन दिवस ठेव' म्हणून देणेही तसेच. तिथेही लेकरे असतात.

पोलिसांकडे जायच्या आधी कायद्याचा सल्ला घ्या. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पण स्त्री म्हणून तुम्हाला हा हक्क तसाही आहेच, जातीचा दाखला शोधत बसू नका.

एकटी जाऊ नका. बरोबर दोन बाया घ्या. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटायचे आहे असे स्पष्ट सांगा.

आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल, कोणी हत्यार उगारले असेल, तर सल्ला नंतर. आधी ११२.

मुलांसाठी १०९८. हा नंबर कुठे जन्मला माहीत आहे? आपल्याच देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, १९९६ साली. आता ही सेवा शासनामार्फत चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मूल स्वतःही करू शकते. मुलांना पाढे पाठ करून घेता, तसा हा नंबर पाठ करून घ्या.

नवरा किंवा सासरचा माणूस हत्यार दाखवून धमकावत असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संरक्षणाचा आदेश, मुलांचा तात्पुरता ताबा आणि त्या हत्याराची जप्ती, तिन्ही मागता येते. महिलांसाठी नंबर १८१.

घरातले कोणी फार खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर हत्यारच काय, उंदराचे औषध आणि फिनेलही त्याच दिवशी घराबाहेर काढा. बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे.

कमावता माणूस तुरुंगात गेला तर चूल कशी पेटणार, हाही खरा प्रश्न आहे. अनेक बाया त्यासाठीच गप्प राहतात. महिला व बालविकास विभागाची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. एकल पालकाच्या आणि संकटातल्या घरच्या मुलाला घरीच ठेवून दरमहा २,२५० रुपये मिळतात. तिचा अर्ज कसा करायचा हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा.

इजा झालीच तर

१०८ लावा. वाट बघताना :

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. भिजले तरी काढू नका, वरून दुसरे ठेवा. गोळी आत गेली की दुसरीकडून बाहेर पडलेली असू शकते, म्हणून मागची बाजूही बघा.

हळद, टूथपेस्ट, रॉकेल, काही लावू नका. आत घुसलेली वस्तू ओढू नका. पाणी, चहा पाजू नका, कारण ऑपरेशन लागू शकते.

हातापायातून रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद कापड आवळून बांधा आणि किती वाजता बांधले ते लिहून ठेवा.

डोळ्यात छर्रा घुसला तर चोळू नका, धुवू नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा आणि निघा. मात्र कार्बाइड, चुना, अॅसिड डोळ्यात गेले तर उलट करायचे : कण दिसत असतील तर कापडाने टिपून घ्या आणि निदान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा धुवा, मग दवाखाना.

"पोलीस केस आहे, आधी तक्रार आणा" असे कुठल्याही दवाखान्याने म्हणायचे नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे : आधी जीव वाचवा, कागद नंतर. आणि डॉक्टरांना खरे सांगा. बंदुकीची जखम आणि फटाक्याची जखम यांचे उपचार वेगळे असतात. खोटे सांगितले तर त्याचे भोग लेकरालाच.

त्या बाईचे पुढे काय झाले

त्याच संध्याकाळी आम्ही मुलांना तिच्या आईकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंशी बोलून अर्ज लिहिला आणि तिघी जणी ठाण्यात गेलो. पोलिसांनी कट्टा आणि दोन काडतुसे ताब्यात घेतली. दीर अटकेत गेला. तिला साक्षीदार केले.

मुलांना समितीपुढे न्यावे लागले. आजीचे घर तपासून होईपर्यंत दोन्ही मुले नऊ रात्री बालगृहात राहिली. त्या नऊ रात्री ती कशी जगली ते मी पाहिले आहे. भेटीच्या दिवशी मुलगी तिचा पदर सोडत नव्हती. तेव्हा ती मला म्हणाली, "सिस्टर, तुमचं ऐकून चूक केली मी." मी काही बोलले नाही. त्यावर उत्तर नव्हते.

दहाव्या दिवशी मुले आजीकडे आली आणि चौकशी संपल्यावर, देखरेखीच्या अटीवर, आईकडे. नवरा बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. सासू अजूनही बोलत नाही. प्रत्येक घरात एवढ्यावर निभावेल असे मी सांगणार नाही.

परवा तो मुलगा विहारात भेटला. उंच झाला आहे. दहाच्या दहा बोटांनी पेन्सिलीचे टोक काढत बसला होता.

आता विहारातल्या तपासणीत मी बीपी आणि शुगरबरोबर आणखी एक प्रश्न विचारते. तुम्हीही आपल्या बहिणीला, शेजारणीला, सुनेला एकांतात विचारा : "घरात असं काही आहे का, जे लेकराच्या हाताला लागू नये?" आणि विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहा. उत्तर लगेच येत नाही.